असईचा नकाशा: शिंद्यांच्या पलटणी ठळक दाखवायच्या की तुटक रेषेत?

नौपाडाकर:
ठाण्यात आमच्या वाचनालयात असईच्या लढाईचा (२३ सप्टेंबर १८०३, इंग्रज विरुद्ध शिंदे-भोसले) भिंतभर नकाशा लावतोय. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या पलटणींच्या जागा इंग्रजी खलित्यांवरून बऱ्यापैकी बसवता येतात. शिंदे-भोसल्यांची फौज मात्र आपण शत्रूच्याच डोळ्यांनी बघतो. म्हणून इंग्रज पलटणींच्या चौकटी ठळक आणि शिंद्यांच्या तुटक रेषेत काढाव्यात, असं माझं मत. नक्की माहीत नाही ते ठसठशीत काढलं तर बघणाऱ्याची फसवणूक होते.

ऐरोलीचा भोकरदनकर:
साफ अमान्य. असई आमच्याकडची. तुटक रेषा बघून पोरांना वाटणार, इकडे नुसता जमाव होता. अहो, शिंद्यांचा जर्मन सेनानी पोलमन, त्याच्या हाताखालचं पायदळ केळणा नदीकडे तोंड करून उभं होतं. वेलस्ली या रांगेच्या डाव्या बगलेला नदी उतरला, तशी अख्खी रांग फिरली. उजवं टोक केळणेवर, डावं जुई नदीकाठी असई गावाला टेकलेलं. शत्रू चालून येत असताना रांग काटकोनात वळवायची, तीही तोफांसकट! कवायतीत मुरलेल्या कंपूंशिवाय (शिंद्यांच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या पायदळ तुकड्यांशिवाय) हे कुणाला जमतं? खुद्द वेलस्लीला ते अपेक्षित नव्हतं. एवढं करून दाखवणारी माणसं नकाशात धूसर का?

बेलापूरची नकाशावाली:
रांग होती, यावर वादच नाही. ती जमिनीवर नेमकी कुठे बसवायची? मी रोज उपग्रहचित्रांवर जुने नकाशे बसवते. त्यासाठी न हलणाऱ्या खुणा लागतात. असई गाव ही तशी खूण, म्हणून डावं टोक ठळक काढा. मधल्या भागाला असा आधार नाही, आणि नदीचे काठही दोनशे वर्षांत जागचे राहत नाहीत.

ऐरोलीचा भोकरदनकर:
मग हीच फूटपट्टी इंग्रजांना लावा. त्यांची उजवीकडची पुढची तुकडी भरकटून गावाच्या तोफांपुढे गेली, मागोमाग ७४वी हायलँडर पलटण गेली आणि कापली गेली. त्या गोंधळात कोण कुठे होतं, हे खलित्यावरून पावलापावलानं कळतं का? तरी तुमच्याकडे ती चौकट ठळक!

कोपरीकर:
रंगांचंही बघा. केळणेच्या दक्षिणेला वेलस्लीनं पेशव्यांचे आणि म्हैसूरचे स्वार ठेवले होते, शिंद्यांच्या घोडदळाला अडवायला. त्याच्या पायदळातही मद्रासचे शिपाई. ‘इंग्रज’ म्हणून सरसकट लाल रंग फासू नका. पेशव्यांचे स्वार तिकडे होते हे झोंबतं, पण नकाशात दिसलंच पाहिजे.

नौपाडाकर:
स्वारांना वेगळा रंग देतो. भोकरदनकर, तुमची फूटपट्टी मान्य, ७४वीची वाट तुटक करतो. पण शिंद्यांच्या रांगेचा मधला भाग ठळक करणार नाही. तिथे माझ्या हाती पुरावा नाही.

ऐरोलीचा भोकरदनकर:
मला हे अजूनही पटत नाही. निदान वळण्याआधीची आणि वळल्यानंतरची, अशा दोन्ही रांगा काढा आणि मधे बाण दाखवा. तो बाण तरी ठळक हवा.