फ्रीझरच्या मागे बर्फाची भिंत, खाली दूध नासतंय: बायमेटल बदलू की अख्खा सेट?

नमस्कार मंडळी,

घरी डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे, जुन्या धाटणीचा, इन्व्हर्टर नसलेला. फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण खालच्या कप्प्यात गारवा म्हणून नाही. सकाळचं दूध संध्याकाळी तापवलं की फुटतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिशी ओलांडून बसलाय. दही, इडलीचं पीठ, सगळं आंबून चाललंय. शेंगाचटणी तेवढी सुखरूप, तिला फ्रिज लागत नाही.

गंमत अशी की प्लग काढून, दारं सताड उघडी टाकून दिवसभर ठेवला की पुढचे काही दिवस झकास चालतो. मग फ्रीझरमधून पंखा कशाला तरी घासल्यासारखा खर्रर्र आवाज येतो, आवाज थांबतो आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मेकॅनिकने कॉम्प्रेसरला हात लावला आणि "गॅस गेलाय, भरावा लागेल" म्हणून मोकळा झाला. पॅनल उघडलंसुद्धा नाही. गॅस गेला असता तर नुसता बर्फ वितळवून कूलिंग परत कसं आलं असतं? विचारलं तर म्हणे, "मग तुम्हीच करा साहेब." बरं, करतो.

प्लग काढून फ्रीझरचं मागचं पॅनल उघडलं. गारवा देणारी कॉइल दिसतच नव्हती, वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र बर्फ, पंख्याच्या पात्यांना टेकलेला. सगळं वितळल्यावर सुट्टं करून मीटर लावला. बर्फ वितळवणारा हीटर २९० ओहमच्या आसपास, फ्यूजला बीप येतो, बायमेटल (तापमानानुसार हीटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) मात्र ओपन, म्हणजे बीपच नाही. दुकानदार म्हणतो अख्खा सेट घ्या. नुसता बायमेटल बदलून भागेल का?

प्रतिसाद १

गॅसवर पैसे घालू नका ओ. गॅस कमी असता तर बर्फ कॉइलच्या एका टोकाला धरला असता, बाकी कॉइल कोरडी राहिली असती. तुमचा एकसारखा साचलाय, म्हणजे डिफ्रॉस्टच (बर्फ आपोआप वितळणं) होत नाहीये. हीटरही ठणठणीत आहे, २३० व्होल्टवर २९० ओहम म्हणजे १८० वॅटच्या आसपास.

पण बायमेटल इतक्यात फेकू नका. तो खोलीच्या तापमानाला ओपनच दाखवणार, त्याचं कामच ते. कॉइल शून्याच्या बरीच खाली गेली की तो जोडला जातो आणि बर्फ वितळून कॉइल कोमट झाली की सुटतो. नुसत्या बर्फात ठेवून उपयोग नाही, काही बायमेटल शून्याला जोडलेच जात नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या मीटर लावा.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. बायमेटल चांगला निघाला तर टायमर बघा. कॉम्प्रेसर काही तास चालला की हीटरला सप्लाय द्यायचा आणि अर्ध्या तासाच्या आत परत कॉम्प्रेसरवर यायचं, एवढंच त्याचं काम. आत छोटी मोटर असते, ती गेली की काटा जागच्या जागी. पॅनल बसवा, फ्रिज चांगला थंड होऊ द्या, मग टायमरची खाच स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा. टक् आवाज येऊन कॉम्प्रेसर बंद पडेल. तासाभरात आपोआप चालू झाला नाही तर टायमर गेला समजा.

आणि हो, बर्फ टोकरून काढू नका. कॉइल अ‍ॅल्युमिनियमची असते, भोक पडलं तर गॅस खरंच जाईल. फ्यूजला डायरेक्ट वायर जोडून देणारे महाभाग असतात, तेही करू देऊ नका. बायमेटल चिकटून बसला तर हीटर थांबवायला तो फ्यूजच असतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बायमेटल शेजारच्या काकूंच्या फ्रीझरमधून काढला, मीटर लगेच वाजला. हातात जरा गरम झाल्यावर टक् करून सुटला. म्हणजे तो ठीक.

टायमरची खाच फिरवली. कॉम्प्रेसर बंद, हीटर चालू, खालच्या नळीतून पाणीही आलं. पण दुपार गेली तरी कॉम्प्रेसर चालू होईना, शेवटी हातानेच पुढे सरकवला. आता टायमर आणायचा. चार पिनांचा कुठलाही चालतो का?

प्रतिसाद २

नाही. पिना चारच असल्या तरी त्यांचा क्रम वेगवेगळा असतो. जुना सोबत न्या आणि त्यावरची आकृती ताडून घ्या. तोवर दोन-तीन दिवसांनी रात्री दूध काढून ठेवून खाच हाताने फिरवा, तासाभराने आठवणीने परत पुढे सरकवा, म्हणजे बर्फ साचणार नाही.