चहूकडं पाणी : बेटावर राहिलेल्या सांगली-सातारकरांसाठी अनुभव धागा

परवा विश्रामबागेत भडंग घेताना शाळेतली मैत्रीण भेटली. "मालदीवला होतीस ना? मज्जाच की, रोज समुद्र!" मी नुसती हसले. सहा वर्षांत समुद्रात उतरले असेन फार तर वीसदा, बाकीचे दिवस गणिताच्या वह्या तपासण्यात गेले. आपल्याकडचे पुष्कळ जण मालदीव, मॉरिशस, सेशेल्सला नोकरीनिमित्त आहेत किंवा राहून आलेत. त्यांच्यासाठी हा धागा. फोटो नकोत. काय आवडलं आणि कशानं जीव मेटाकुटीला आला, ते लिहा. सुरुवात मीच करते.

सांगली, मालदीवच्या एका लांबच्या बेटावर शिक्षिका

माझं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांचं. पालक प्रेमानं दारात ताजा ट्यूना ठेवून जायचे. मी शाकाहारी आहे, हे सांगून सांगून थकले. मासा खात नाही म्हणजे ही आजारी असणार, असं त्यांना वाटायचं. सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे रविवारी इकडं सगळे लोळत असताना मी फळ्यापुढं. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट नाही, आणि बोट नाही म्हणजे कांदा नाही.

विहिरीचं पाणी मचूळ. प्यायला टाकीत साठवलेलं पावसाचं. मी कृष्णाकाठची, नळ सोडून भांडी घासणारी. तिथं तांब्यानं मोजून पाणी घ्यायला शिकले. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये फोन आला की गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलंय, आई-बाबांना वरच्या मजल्यावरून बोटीनं काढलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बायका डबे घेऊन दारात. त्यांचं बेट समुद्रापासून जेमतेम दीड मीटर उंच. तुम्ही बुडणार, तुम्ही बुडणार, असं सगळं जग त्यांना सांगत असतं. आणि त्या माझं घर बुडालं म्हणून माझ्याजवळ बसल्या होत्या. मला हसावं की रडावं कळेना. मी कोरड्या बेटावर, आणि पाण्यात कोण, तर सांगली!

वाळवा तालुका, मॉरिशसमध्ये नऊ वर्षं

साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून गेलो. म्हटलं ऊस तो ऊसच. पण तिथं गाळप जूनच्या आसपास सुरू होतं, म्हणजे आपल्याकडं पट्टे पडून हंगाम संपला की तिकडचा उभा राहणार. शेतात काळ्या दगडांच्या राशी दिसल्या, आधी वाटलं देवळं आहेत. ज्वालामुखीचं बेट, तेव्हा रान साफ करताना निघालेले दगड तिथंच रचलेले. आमच्या पणज्यासारख्याच कुणीतरी ते उचलले असणार. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर आणले ते राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरायचे. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात.

शेजारच्या आजी घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली, बोलायच्या. मराठी विचाराल तर दहा-बारा शब्द. पण गणपतीत आरती सुरू झाली की एक अक्षर चुकत नव्हत्या. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून आलेले. कोकणातला जाखडी नाच, ती जाखडी तिथं 'झाकरी' झालीय. गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी! माझा मुलगा तिथल्या शाळेत मराठी विषय शिकला. इस्लामपूरची त्याची चुलत भावंडं इंग्रजी माध्यमात. गावी आलो तेव्हा आरतीचं पुस्तक वाचून दाखवायला मॉरिशसचंच पोरगं पुढं. भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

आता कटकटी. बेटाच्या मधल्या उंच पठारावर, क्युरपीपला राहायचो. उष्ण कटिबंध म्हणून स्वेटर न्यायचा नाही, हा शहाणपणा माझा. जुलैत तिथं सारखी भुरभुर आणि गारठा, कोल्हापुरी चपलेवर हिरवी बुरशी. चक्रीवादळाचे इशारे एकपासून चारपर्यंत. तीन लागला की सगळं बंद, त्याआधी दुकानात पाव आणि मेणबत्त्यांसाठी झुंबड. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यातनं गाड्या वाहून जाताना फोनवर बघितल्या. बायकोला मात्र वादळापेक्षा मोठा त्रास झाला तो परवान्याचा. माझा नोकरीचा परवाना होता, तिला काम करता येत नव्हतं. बी.एड. झालेली बाई नऊ वर्षं पडदे शिवत बसली. हे मी सहज लिहितोय, तिनं लिहिलं असतं तर वेगळं झालं असतं.

मिरज, मालदीवची राजधानी माले इथं परिचारिका

समुद्रकिनारा विसरा. माले म्हणजे इमारती आणि मोटारसायकली. डिसेंबर २०१४ मध्ये खारं पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि नळ बंद. भारतानं विमानानं आणि जहाजानं पाणी पाठवलं. मी ड्यूटी संपवून बाटल्यांच्या रांगेत उभी.

तिथं मूर्ती नेता येत नाही. म्हणून गणपतीत दार लावून तांदळावर सुपारी मांडायचे. एकदा शेजारच्या वयस्कर काकू ताट परत द्यायला आल्या. तिथं जेवणानंतर सुपारी सगळेच खातात. मी चहा ठेवायला आत गेले, बाहेर येऊन बघते तर तांदूळ तसेच आणि काकूंच्या गालात गणपती. त्या म्हणाल्या, "कडक आहे गं." मी म्हटलं, हो, मुंबईची आहे. बाप्पाला मनात नमस्कार केला आणि डब्यातली दुसरी काढली.

जावळी, मालदीवच्या रिसॉर्टमध्ये कुक

मला लई लिहायला येत नाही. एका बेटावर एकच रिसॉर्ट. पुढं पाहुणे, मागं आमच्या खोल्या. झाडी मधे लावलेली, आम्ही दिसू नये म्हणून. पगार वेळेवर, गावी स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. रात्री ड्यूटी संपली की जेट्टीवर गळ टाकून बसायचो, ते सुख खरं. पण दहा मिनिटं चाललं की बेट संपतं. आमच्याकडं डोंगरात वाट संपत नाही. पहिल्या वर्षी मी रोज चार फेऱ्या मारायचो, नुसतं पाय मोकळे करायला.

वडील गेले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले. तिथली पाण्यावर उतरणारी विमानं अंधारात उडत नाहीत. मॅनेजरनं सकाळच्या पहिल्या विमानात बसवलं, माणूस चांगला होता. माले, तिथनं मुंबई, मुंबईवरनं गाडी. मातीला पोचलो नाही. पोचलो तर रक्षाविसर्जन चाललेलं. चुलते म्हणाले, "आलास का?" बाकी कुणी काही बोललं नाही. पंधरा दिवसांनी परत गेलो. त्या दिवशी नाश्त्याला अडीचशे पाहुणे होते.

सातारा शहर, सेशेल्स

माहे बेटावर तीन वर्षं. फ्लॉवर हातात घ्यायचा, भाव बघायचा, परत ठेवायचा. इतकं सगळं जहाजानं येतं. पण नीरफणस भरपूर. त्याचे काप तव्यावर रवा लावून भाजले की सुरणाचा विसर पडतो. तिथले लोक म्हणतात, एकदा नीरफणस खाल्ला की माणूस सेशेल्सला परत येतो. नवऱ्याचा करार वाढला तेव्हा सासूबाईंनी फोनवर सरळ विचारलं, "किती खाल्लास?"

तासगाव, अजून गेलेलो नाही

पुढच्या महिन्यात व्हिक्टोरियाला, सेशेल्सच्या राजधानीला निघतोय. वजन तीस किलो. काय न्यावं?

सातारा शहर, सेशेल्स

कांदा-लसूण चटणी दोन पिशव्यांत पॅक करून. कुकरची रिंग आणि शिट्टी जास्तीची न्या. माझी रिंग दुसऱ्या महिन्यात गेली, आणि सातारहून कुणी येईपर्यंत पाच महिने मी डाळ पातेल्यात शिजवली.