मदत हवी आहे: भाच्याला मार्फान सिंड्रोमचा संशय, निदान पक्कं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी लिहितोय. मार्फान म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा आनुवंशिक आजार; त्यात डोळे, हाडं आणि महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) यांवर परिणाम होतो. वय १४, ताई तासगावला असते.

दोन महिन्यांपूर्वी त्याचा चष्म्याचा नंबर उणे ९ वर गेला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब टाकून तपासलं तर दोन्ही डोळ्यांतली भिंगं जागेवरून वर सरकलेली. मग त्यांनी त्याला उभं करून हात पसरायला लावले. उंची १७८ सेंमी आणि हातांचा पसारा १९०, म्हणजे १.०५ पटीच्या वरच. अंगठा मुठीत घेतला की त्याचं पेर करंगळीकडून बाहेर येतं, मनगटाला विळखा घातला की अंगठा करंगळीवर चढतो. छातीत मधोमध खड्डा आहे. बापाच्या वळणावर गेलाय म्हणून आम्ही या सगळ्याचं कौतुकच करत आलो.

दाजी ३८व्या वर्षी गेले. छातीत आणि पाठीत एकदम कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कागदावर हार्ट अ‍ॅटॅक लिहिलंय, शवविच्छेदन झालं नाही. महाधमनी फाटली असेल का, हा विचार आता मला झोपू देत नाही.

भाच्याच्या ईकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीचं मूळ, म्हणजे हृदयाजवळचा तिचा सुरुवातीचा भाग, ३८ मिमी आलंय. रिपोर्टात 'किंचित रुंद' एवढंच आहे, आणि वर्षाने या म्हणाले. वजन ५२ किलो. २०१० च्या सुधारित गेंट निकषांप्रमाणे (मार्फानचं निदान यांवरून करतात) मुळाचा झेड स्कोअर, म्हणजे अंगकाठीच्या मानाने माप सरासरीपासून किती दूर आहे तो आकडा, २ किंवा जास्त आणि सोबत भिंग सरकलेलं असेल, तर एवढ्यावर निदान होतं असं मी वाचलं. पण रिपोर्टात झेड स्कोअरच नाही. याच मापांवरून तो काढून मागावा, की ईको पुन्हा करावा? लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांनाच दाखवावं का? बीटा ब्लॉकर (महाधमनीवरचा ताण कमी करणारं औषध) सुरू करायला वर्षभर थांबणं मला बरोबर वाटत नाही.

होमोसिस्टिन्युरिया या मार्फानसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात रक्तात होमोसिस्टीन वाढतं; त्यातही भिंग सरकतं, पण बहुधा खाली. तरी होमोसिस्टीनची रक्तचाचणी करून घ्यावी ना? एफबीएन१ (ज्याच्या दोषामुळे मार्फान होतो) या जनुकाची चाचणी महाग आहे, ताईला एकदम झेपणार नाही. ती आधी भाच्याची करावी आणि दोष सापडला तर तेवढाच त्याच्या धाकट्या बहिणीत तपासावा, असं करता येतं का?

धाकटी ९ वर्षांची. चष्मा नाही, उंचीही चारचौघींसारखीच. पण दाजींना हा आजार असेल तर तिलाही निम्मी शक्यता आहे, म्हणून तिचा ईको आणि डोळ्यांची तपासणी आत्ताच करावी असं माझं मत. ताई मात्र आणखी काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही. तिला कसं सांगू?

भाच्याची कबड्डी मी बंद केलीय. तालुक्याच्या संघात निवड झाली होती, त्यामुळे तो माझ्याशी बोलत नाही. ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी सांगा, मुलांना कोणते खेळ खेळू देता? पुढच्या गुरुवारी त्याला परत दाखवायचंय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.