कानाचं भोक ओघळून पार खाली आलंय, शिवून घ्यावं का?

आभाळवेडी: डाव्या कानाचं भोक ओघळत ओघळत एवढं खाली आलंय की आता दोऱ्याएवढीच कातडी उरलीये. जड झुमक्यांची हौस, आणि त्यात लेक कडेवर असली की पहिला हात कानातल्यालाच घालायची. पूर्ण तुटेपर्यंत थांबायचं की आत्ताच टाके घालायचे? एकीने सांगितलं की न कापता नुसतं चिकटवून मिळतं, ते टिकतं का? खरं सांगते, सुईची फार भीती वाटते.

उंटावरचा शहाणा: उजव्या कानातलं घालून उरलेला जन्म काढ, फॅशन म्हणून खपेल 😄

कोपरा: मी दोन्ही कानांचं केलंय. थांबू नकोस, अर्धवट फाटलेलं पण शिवतात. फक्त काही सर्जन ती उरलेली पट्टी मुद्दाम कापून टाकतात आणि मग पूर्ण फाटल्यासारखं शिवतात, मला आधी माहीत नव्हतं त्यामुळे ऐकून पोटात गोळाच आला होता.
पाळीत कूर्चा नसते, नुसती कातडी नि चरबी, म्हणून काम तसं छोटं. फक्त पाळी बधिर करतात, ते इंजेक्शन दोन सेकंद झोंबतं आणि नंतर ओढल्यासारखं वाटतं पण दुखत नाही. अर्ध्या-पाऊण तासात घरी जायला मोकळे. टाके आठवड्याभरात काढले. मला त्रास झाला तो झोपायचा, कुशीवर झोपायची सवय आणि कानावर दाब तर नको, आठवडाभर छताकडे बघत काढला.
चिकटवण्याचं म्हणशील तर भोकाच्या आतल्या कडेवर पण कातडी आलेली असते, आणि कातडीला कातडी सांधत नाही. ती कड खरवडून किंवा कापून कच्ची करावीच लागते. नुसत्या गोंदाने पैसे जातील आणि भोक तिथेच राहील.

जुनाट_झब्बू: वरचं सगळं बरोबर पण एक राहिलं. तुला किंवा घरात कोणाला जखमेनंतर व्रण फुगून वाढायची, म्हणजे कीलॉइडची सवय आहे का? असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, कानाची पाळी ही कीलॉइडची आवडती जागा आहे. माझ्या बहिणीला भोक पाडल्यावर वाटाण्याएवढी गाठ झाली, नुसती कापली तर परत आली, दुसऱ्या वेळी कापून वर स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली तेव्हा कुठे आटोक्यात आली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांग, मनाने बंद मात्र करू नकोस.

आभाळवेडी: कीलॉइड नाही कोणाला. मग नवीन भोक कधी पाडता येतं? आणि व्रण दिसतो का गं?

कोपरा: मला तीन महिने थांबायला सांगितलं होतं. आणि व्रणावर नाही पाडायचं, बाजूला पाडायचं, व्रणाची कातडी कमजोर असते, तिथून परत ओघळतं. व्रण म्हणजे एक बारीक रेघ आहे, मीच शोधते तेव्हा सापडते. सरळ रेषेत शिवलं तर कधीकधी व्रण आकसून पाळीच्या खाली खाच पडते, ती पडू नये म्हणून काहीजण झेडच्या आकारात शिवतात, तुझं कसं करणार ते विचारून घे.

आभाळवेडी: बरं, अपॉइंटमेंट घेते. झुमके बहिणीला देऊन टाकू का मग?

कोपरा: दे, आणि तिला हा धागा पण पाठव 😂