मदत हवी आहे: रविवारी मॅचला ट्रेनने कसं जायचं? गाडीच दिसत नाहीये

वरणभात: आई-बाबा पुण्याहून आलेत. बाबा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले, त्यामुळे बेसबॉलच्या मॅचला ट्रेननेच जायचं म्हणतात. तिकिटं काढून बसलोय आणि टाइमटेबलात रविवारी एकही गाडी नाही. कालपासून शोधतोय. कोणी गेलंय का? लवकर सांगा प्लीज.

कोथरूडकर: शहर कुठलं? निघणार कुठून?

डबा_नं_७: डोळे झाकून फेनवेला जा. लॅन्सडाउन स्टेशनला उतरलं की मैदान पाच मिनिटांवर.

वरणभात: अहो, बॉस्टन नाही! बाल्टिमोर, ओरिओल्सची मॅच. घराजवळ लॉरेल स्टेशन आहे, तिथून मैदानाजवळचं कॅम्डेन स्टेशन.

कोथरूडकर: हे आधी सांगायचं ना. मार्क म्हणजे मेरीलँडची लोकल रेल्वे, तिची कॅम्डेन लाइन शनिवार-रविवार बंद असते. तिचीच पेन लाइन चालू असते. न्यू कॅरल्टनला गाडी लावा, बाल्टिमोरच्या पेन स्टेशनला उतरा. तिथून मैदान दोनेक मैल.

सिंहगड_रोड: आणि वडिलांना दोन मैल चालवणार? नॉर्थ लिंथिकमला पार्क करून लाइट रेल (ट्रामसारखी गाडी) घ्या, थेट कॅम्डेन यार्ड्सला सोडते. सासूबाईंना आम्ही तसंच नेलं.

कोथरूडकर: त्यांना ट्रेनचा प्रवास हवाय हो, लाइट रेलचा नाही.

निवडुंग: आमच्या फीनिक्समध्ये १९९६पासून ॲमट्रॅक, म्हणजे लांब पल्ल्याची रेल्वे, येतच नाही. जवळचं स्टेशन मॅरिकोपा, तेही पस्तीसेक मैलांवर. एवढं मोठं शहर, फार वाईट वाटतं.

इंजिनवाला: बाबा गार्ड होते तर कॅम्डेन लाइन चुकवू नका! वाटेत पटाप्स्को नदीवर थॉमस व्हायाडक्ट लागतो. १८३५चा दगडी पूल, आठ कमानी, आणि अख्खा पूल वळणावर. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३मध्ये, म्हणजे हा त्याच्याही अठरा वर्षं आधीचा. अजून त्यावरून मालगाड्या जातात. तिकिटं बदलून मधल्या वारची दुपारची मॅच घ्या. सकाळच्या गाडीने जा, संध्याकाळी परत. रात्रीची मॅच नको, परतीला गाडी मिळत नाही. कॅम्डेनला उतरलात की समोर बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेचं लांबलचक विटांचं गोदाम, त्याला लागूनच मैदान. बाबांना मागच्या डब्यात बसवा, गार्डाच्या बाजूला.

वरणभात: बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मधल्या वारीच जायचं ठरलं. रविवारची तीन तिकिटं कोणाला हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि इंजिनवाला, बाबा विचारतायत: जाताना पूल डाव्या खिडकीतून नीट दिसतो की उजव्या?