मदत हवी आहे: गेमसाठी क्राउडफंडिंग करावं का?

मंडळी, आम्ही दोघं मिळून एक छोटा कोड्यांचा गेम बनवतोय. पहिली लेव्हल खेळता येते: दिवा हलवला की सावल्या सरकतात आणि त्या सावल्यांवरूनच चालत जायचं. पुढच्या कामासाठी किकस्टार्टर या, लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवायच्या (म्हणजे क्राउडफंडिंगच्या) वेबसाइटवर जायचा विचार आहे, पण खरंच धाकधूक वाटते.

तिथे ठरवलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर हाती काहीच येत नाही, म्हणून लक्ष्य कमी ठेवायचा मोह होतो. पण मग तेवढ्यात गेम पुरा झाला नाही तर? जमलेल्यातून ५ टक्के किकस्टार्टरचे जातात, वर पेमेंटचं शुल्क. पैसे देणाऱ्यांना बदल्यात टी-शर्ट, पोस्टर कबूल केले तर छपाई आणि टपालखर्च वेगळाच. डबल फाइन या गेम कंपनीने २०१२ मध्ये तिथे ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाखांहून जास्त मिळाले. तरीही त्यांचा ‘ब्रोकन एज’ हा गेम दोन भागांत, २०१४ आणि २०१५ मध्ये आला. एवढ्या मुरलेल्या लोकांची ही गत!

ज्यांनी अशी मोहीम चालवली आहे त्यांनी कृपया सांगा, लक्ष्य कसं ठरवलंत? बाकी वस्तू न देता फक्त गेमची प्रत दिली तर चालतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उशीर होणार हे कळल्यावर पैसे देणाऱ्यांना कधी आणि कसं सांगितलंत?