मध्ययुगातलं एकच वर्ष निवडायचंय, कोणतं घेऊ?

धागाकर्ती: वाचनालयात मुलांसाठी भिंतभर तक्ता करतेय. मध्ययुगातलं एकच वर्ष, तेव्हा कुठे कोण गादीवर होतं आणि काय घडलं. राजांची नुसती जंत्री नको, पोरं बघतसुद्धा नाहीत. महाराष्ट्र हवाच. वर्ष सुचवा.

बखरवेडा: डोळे मिटून १२०६. तेमुजिनाचा चंगीझखान झाला, इकडे महंमद घोरी मारला गेला, ऐबक लाहोरात सत्तेवर आला.

घाटपायथा: आणि महाराष्ट्र? तेव्हाच्या यादवांच्या राज्यारोहणाच्या सालावरच अभ्यासकांचं एकमत नाही. १२९६ घ्या. देवगिरीला रामचंद्रदेव यादव. प्रयागजवळच्या कडा गावचा सुभेदार अलाउद्दीन खलजी, चुलता आणि सासरा दोन्ही असलेल्या सुलतान जलालुद्दीनला पत्ता लागू न देता, एलिचपूरवरून (आजचं अचलपूर) थेट येऊन धडकला. यादवांची मोठी फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर. किल्ल्यात घाईघाईने धान्याची म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तो तीनशे वर्षांनंतरचा, म्हणून तक्त्यावर ‘म्हणतात’ लिहाच. पण मुलं थांबतील ती तिथेच.

जुलैत अलाउद्दीनने सासऱ्याचा काटा काढला. दिल्लीकडे जाताना मुक्कामामुक्कामाला मंजनीकातून (दगड फेकायच्या यंत्रातून) सोनं गर्दीत उधळलं, असं इतिहासकार बरनी लिहितो. ते सोनं बरंचसं आपलंच, देवगिरीच्या लुटीतलं! ऑक्टोबरात दिल्ली त्याची. आणि त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानदेवांची समाधी. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या राजाचं नाव येतं तो हाच रामचंद्र.

धागाकर्ती: पण आमच्याकडच्या जुन्या पुस्तकात स्वारी १२९४ ची आहे.

घाटपायथा: बऱ्याच जुन्या पुस्तकांत तसंच आहे. अमीर खुसरो त्याच काळातला, तो हिजरी ६९५ (म्हणजे १२९५-९६) देतो, त्याला धरून चला. समाधी शके १२१८ ची. ७८ मिळवले की १२९६. पौषाच्या सुमारास इसवी सन बदलतं, तिथून पुढे ७९ मिळवायचे.

नकाशेवाली: बाहेरचं तीनच घ्या. इंग्लंडचा पहिला एडवर्ड स्कॉटलंडवर चालून गेला आणि त्यांच्या राज्याभिषेकाचा दगडच उचलून नेला. तो परत मिळाला १९९६ साली! थायलंडात मंगराय राजाने चियांग माई वसवलं. आणि चीनच्या शिष्टमंडळाबरोबर चौ ताक्वान कंबोडियाच्या राजधानीत, अंगकोरला पोचला. त्याने राजाची स्वारी लिहून ठेवलीय: हत्तीवर उभा राजा, हातात तलवार. पोप आणि फ्रान्सच्या राजाचं करावरून झालेलं भांडण सरळ गाळा.

बखरवेडा: बरं, १२९६. पण दक्षिण विसरू नका. वरंगळला काकतीय प्रतापरुद्र, द्वारसमुद्रला (कर्नाटकातलं आजचं हळेबीड) होयसळ तिसरा बल्लाळ, मदुरेला कुलशेखर पांड्य. १३११ संपेपर्यंत तिन्ही राजधान्यांवर खलजी फौजा जाऊन आल्या होत्या, आणि द्वारसमुद्रच्या स्वारीत रामचंद्रदेवाच्या राज्यातूनच त्यांना मदत मिळाली. ते मुलांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी सांगेन.